चिंचोका टाका आणि गा!

एक प्रश्न विचारते. खरं उत्तर द्यायचं. तुम्ही शेवटचं कधी गायलात? बाथरूममधलं धरायचं नाही. ऑफिस पिकनिकच्या बसमध्ये मागच्या सीटवर नुसते ओठ हलवले, तेही नाही. चार लोकांसमोर, स्वतःच्या आवाजात, अख्खं एक कडवं कधी म्हटलंत?

आठवत नाहीये ना? डोन्ट वरी. मलाही आठवत नव्हतं. आणि गंमत म्हणजे तेव्हा मी गाण्याचाच कार्यक्रम ऑर्गनाइज करत होते!

झालं असं, की आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. आर. डी. बर्मनच्या वेड्यांचा. कंधार, लोहा, अहमदपूर, नांदेड, लातूर इथले लोक आणि इथून उठून पुण्या-हैदराबादच्या आयटी पार्कांत जाऊन बसलेली आमच्यासारखी पोरं. कुणाकडे जुन्या एलपी, कुणाकडे कॅसेटचे कव्हर्स, कुणाला प्रत्येक गाण्यात कुठे काय वाजलंय ते पाठ. दिवाळीत सगळे घरी येतातच, तर एक दिवस कंधारला भेटू या, असं ठरलं. फॅन मीट! भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी लग्नाचा एक हॉल मिळाला. सकाळी रेकॉर्डचं प्रदर्शन, मग क्विझ, दुपारी जेवण आणि गप्पा आणि संध्याकाळी सहापासून 'चला, सगळे मिळून गाऊ या'.

आले साठ जण. गायले सात.

मी नंतर मोजलं म्हणून आकडा सांगतेय. आमची तयारी जोरदार होती. स्टेज, माइक, मोठे स्पीकर, लॅपटॉपवर कराओके ट्रॅक्स. मी माइकवरून अनाउन्स केलं, "ज्यांना गायचंय त्यांनी नावं द्या!" आता अशा वेळी नावं कोण देतं? ज्याला आधीच माहितीये की आपण छान गातो, तो. एक ऑर्केस्ट्रात गाणारे दादा होते, दोघं कराओके ॲपवरचे स्टार होते, एक जण संगीत विशारद. चौघांनी मिळून दीड तास घेतला. उरलेल्या तिघांनी उरलेला वेळ. बाकीचे त्रेपन्न? टाळ्या वाजवत होते. मग मोबाइल बघत होते.

तिसऱ्या रांगेत एक काकू बसल्या होत्या. जवळच्या खेड्यात अंगणवाडी सेविका आहेत. मांडीवर शंभर पानी वही, त्यात बॉलपेनने सुबक अक्षरात गाणं उतरवलेलं. मी येता-जाता ती वही पाहिली होती. आठ वाजता त्या उठल्या. शेवटची एसटी होती. मी म्हटलं, "काकू, तुमचं गाणं राहिलं की." त्या हसल्या. "राहू दे बाई, मला कुठं गाता येतंय. पुढच्या साली बघू." वही पिशवीत गेली.

माइक माझ्याच हातात होता बरं का.

आपण सगळेच जज झालो!

मला वाटतं, याला थोडेसे आपले टीव्ही चॅनल्स जबाबदार आहेत. 'इंडियन आयडॉल' 2004 मध्ये आलं. मग 2008-09 मध्ये झी मराठीवरच्या 'लिटिल चॅम्प्स'नी घराघरांत धुमाकूळ घातला. त्यातला रोहित राऊत तर आमच्या लातूरचा, त्यामुळे इकडे काय माहोल असेल विचारू नका! त्या पोरांनी अप्रतिम गायलं, यात वादच नाही. पण सोफ्यावर बसून आपणही 'सूर जरा खाली लागला' म्हणायला शिकलो. ज्यांना 'सा' कुठे असतो माहीत नाही तेही. दुसऱ्याला मार्क द्यायची सवय लागली आणि आपली पाळी आली की घसा बसायला लागला.

कराओकेनंही काही सोडवलं नाही. जपानमध्ये कोबे शहरात दाइसुके इनोउए यांनी 1971 मध्ये आपलं मशीन बनवलं, तेव्हा हेतू साधा होता, वादक नसताना लोकांना गाता यावं. पण मशीनला तुमची दया येत नाही. पट्टी ठरलेली, लय ठरलेली. कडवं चुकलं तर ते थांबत नाही, तुम्हाला मागे सोडून पुढे निघून जातं.

फिल्क म्हणजे काय रे भाऊ?

ही सगळी रडकथा मी माझ्या शाळेतल्या एका मैत्रिणीला फोनवर सांगितली. ती सध्या अमेरिकेत ओहायो राज्यात, कोलंबस शहरात असते. ती म्हणाली, "अगं, इथं एक फिल्क फेस्ट असतो. जाऊन आलेय मी. तुझा प्रॉब्लेम त्यांनी कधीच सोडवलाय."

फिल्क? मला वाटलं तिला 'फोक' म्हणायचंय. तर किस्सा खरोखर तसाच आहे. अमेरिकेत सायन्स फिक्शनच्या चाहत्यांची संमेलनं भरतात. 1950 च्या दशकात ली जेकब्ज नावाच्या एका चाहत्यानं लोकसंगीतावर विज्ञानकथांचा काय प्रभाव पडला यावर लेख लिहिला आणि टायपिंगच्या चुकीनं 'फोक'चं 'फिल्क' झालं. तो लेख तेव्हा छापलाही गेला नाही, पण चुकलेला शब्द लोकांना इतका आवडला, की रात्री हॉटेलच्या खोल्यांत जमून चाहते जी गाणी म्हणायचे त्यांना हेच नाव पडलं. परग्रहावरची, रॉकेटमधली, आवडत्या कादंबऱ्यांवरची गाणी. बरीचशी माहितीच्या चालीवर नवे शब्द बसवलेली. म्हणजे आपलं विडंबनच की! आचार्य अत्र्यांची 'झेंडूची फुले' 1925 ची. आंबेडकरी जलशांनी आणि गायन पार्ट्यांनी तर लोकांच्या ओठांवरच्या चालींवर नवे शब्द बांधून गावंच्या गावं जागी केली. तेव्हा या बाबतीत आपण काही मागे नाही.

पुढे नुसत्या फिल्कची वेगळी संमेलनं सुरू झाली. कोलंबसचा 'ओहायो व्हॅली फिल्क फेस्ट' 1984 पासूनचा. आणि तिथे महत्त्वाचं आहे ते वर्तुळ. स्टेज नाही. खुर्च्या गोलात. चांगला गाणारा आणि बेसूर गाणारा शेजारी शेजारी. प्रश्न एकच, की पुढची पाळी कुणाची? यावर त्या लोकांनी वर्षानुवर्षं जी डोकेफोड केलीये ना, ती ऐकून मी थक्क झाले.

एक पद्धत म्हणजे 'केऑस'. ज्याला वाटेल त्यानं सुरू करावं. ऐकायला मस्त, पण दोन गाण्यांमधली ती अर्ध्या सेकंदाची फट पकडायला धीटपणा लागतो. म्हणजे परत तेच सात जण! दुसरी 'बार्डिक'. पाळी ओळीनं गोल फिरणार. तुमच्यापर्यंत आली की तुमच्यापुढे तीन पर्याय. स्वतः गा, दुसऱ्या कुणाला तरी एखादं गाणं म्हणायला सांगा, किंवा पाळी सोडून द्या. आणि सोडली तर कुणीही 'अरे म्हण ना, लाजतोस काय' म्हणायचं नाही. तिसरी पद्धत पोकरच्या चकत्यांची. सुरुवातीला प्रत्येकाला मोजक्या चकत्या. गायचंय? एक चकती मध्ये टाका. तुमच्या संपल्या की इतरांच्या संपेपर्यंत गप्प बसा.

किती साधं आहे! लाजऱ्या माणसाला आग्रह केला की तो आणखी आत जातो. त्याला पाळी दिली, की तो निदान विचार तरी करतो.

विण्याचा पहारा

हे सगळं मी घरी आईला सांगत होते, एकदम फॉरेन रिटर्न टोनमध्ये. आई भाजी निवडत होती. म्हणाली, "मग सप्त्यात काय असतंय?"

आणि ट्यूब पेटली. आमच्याकडे गावोगावी अखंड हरिनाम सप्ताह होतो. सात दिवस, रात्रंदिवस, वीणा जमिनीवर टेकवायची नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. कुणी कधी उभं राहायचं याची पहाऱ्यांची यादी आधीच केलेली असते. त्या यादीत नाव यायला गोड गळा लागत नाही. रात्री दोनच्या पहाऱ्याला उभा असलेला शेतकरी घोगऱ्या आवाजात नाम घेत असतो आणि कुणी त्याला मार्क देत नाही. पाळी त्याची आहे, विषय संपला. फिल्कवाल्यांच्या किती आधीपासून चालू आहे हे!

पण आता एक कडू गोष्टही सांगते. माझ्या लहानपणी मामाच्या गावी त्या यादीत एकाही बाईचं नाव नसायचं. बायकांचं भजनी मंडळ वेगळं, त्यांची वेळ दुपारची. यादी कोण करतं आणि कुणाला विचारायलाच विसरतं, सगळी गोम तिथे असते. आमच्या फॅन मीटला तर यादीही नव्हती. मी माइकवरून ओरडले होते, एवढंच.

राउंड टू

दुसऱ्या वर्षी मी सगळ्यात आधी काकूंना फोन केला. गाण्याबद्दल बोललेच नाही. विचारलं, "किती वाजता असलं तर तुम्हाला जमेल?" त्या म्हणाल्या, "सकाळी या म्हणा की. रात्रीच्याला गाडी नसती आमच्याकडं." बस्स! संध्याकाळचं सेशन उचललं आणि सकाळी अकराला टाकलं. खरं सांगते, आम्ही केलेल्या सगळ्या बदलांत हा सगळ्यात फुकटचा आणि सगळ्यात मोठा. त्या एका बदलानं एसटीनं येणाऱ्या बायका आल्या, लेकरंवाल्या आल्या, रात्री ज्यांना कमी दिसतं ते आजोबा आले.

स्टेज कॅन्सल. सतरंज्या गोलात आणि बाहेरच्या बाजूनं खुर्च्या, ज्यांना खाली बसता येत नाही त्यांच्यासाठी. व्हीलचेअरवर येणाऱ्या एका मित्राला मागच्या वर्षी आम्ही 'सोयीसाठी' कडेला बसवलं होतं, दाराजवळ. बिचारा दिवसभर लोकांच्या चपला बघत बसला. यंदा सरळ गोलातच जागा सोडली.

पोकर चिप्स कंधारच्या बाजारात कुठून आणायच्या? चिंचोके! प्रत्येकाला दारातच दोन चिंचोके. मध्ये पितळेची परात. पाळी ओळीनंच फिरणार, पण गायचं किंवा सांगायचं असेल तर परातीत एक चिंचोका टाकायचा. टण्ण! आवाज झाला की सगळे गप्प. दोन्ही संपले की तुमचा कोटा संपला. नियमाचा बोर्ड लिहिला, 'गा, सांगा किंवा सोडा'. एक मामा अर्धा तास सोड्याची वाट बघत होते ते वेगळं.

मग पट्टी. हा विषय मला आधी अजिबात माहीत नव्हता, आणि अर्धे लोक गात नाहीत ते यामुळेच, असं माझं आता ठाम मत झालंय. साधारण पुरुष काळी एकच्या आसपास गातो, तर बाईचा आवाज काळी चार, काळी पाचला मोकळा होतो. किशोरकुमारच्या ट्रॅकवर बाई गायला लागली, की एक तर ती खाली गुरगुरते नाही तर वरच्या सप्तकात किंचाळते. मग तिला वाटतं, आपला आवाजच वाईट! म्हणून ट्रॅक बंद केले आणि भजनी मंडळातले एक पेटीवाले काका बोलावले. पट्टी माहीत असेल तर सांगायची. नसेल तर पहिली ओळ आपल्याला जमेल तशी म्हणायची, काका पेटीवर ती शोधून काढतात. दहा सेकंदांचं काम. धृपद सगळ्यांनी मिळून म्हणायचं, ज्याला जे सप्तक झेपेल त्यात.

गाण्यांचे शब्द मोठ्या टाइपात छापून घेतले. देवनागरीत आणि उर्दू लिपीतसुद्धा, कारण आमच्याकडे दोन्ही वाचणारे लोक आहेत. नव्वदीचे एक आजोबा नातवाबरोबर आले होते. निजामाच्या राजवटीत शाळा झालेली, त्यांनी बरोब्बर उर्दूचा कागद उचलला. नातवाला तो उलटा धरलाय की सुलटा, हेही कळत नव्हतं!

सगळं गोडगोड झालं असं समजू नका. ऑर्केस्ट्रावाले दादा नाराज झाले. दोनच गाणी? एवढ्या लांबून आलो. त्यांचं चुकलं असंही मला म्हणवत नाही. रियाज केलेल्या माणसाला बेसूर गाणं तासभर ऐकणं म्हणजे खरंच शिक्षा असते. शेवटी दुपारी जेवणानंतर त्यांच्यासाठी वेगळा अर्धा तास ठेवला, माइकसकट. फिल्क संमेलनांतही ठरलेल्या कलाकारांच्या मैफली वेगळ्या आणि वर्तुळं वेगळी असतात. दोन्ही लागतं. एका सेशनमध्ये दोन्ही कोंबलं की भांडण.

एक कॉलेजचा मुलगा होता, त्याला फार कमी ऐकू येतं. तो दर वेळी स्पीकरला हात लावून बसायचा. आता स्पीकरच नाही म्हटल्यावर आमची पंचाईत. मैत्रिणीनं सांगितलं होतं, की तिकडच्या फिल्क कार्यक्रमांत ज्युडी मिलर नावाच्या बाई गाणी सांकेतिक भाषेत करून दाखवण्यासाठी प्रसिद्ध आहेत. आमच्याकडे दुभाषी मिळाला नाही. मग त्याला पेटीशेजारी बसवलं आणि ढोलकी त्याच्याच मांडीवर दिली. ठेका त्यानं धरला. मधूनमधून लय पळत होती, पण ती आमचीही पळत होती.

पहिल्या फेरीत निम्म्याहून जास्त लोकांनी 'सोडा' म्हटलं. माझ्या पोटात गोळा. पण कुणी काही बोललं नाही, पाळी नुसती पुढे गेली. दुसऱ्या फेरीत बरेच जण 'सांगा'वर आले. तिसऱ्या फेरीपर्यंत वातावरण बदललं होतं. ऑक्सफर्डच्या संशोधकांचा 2015 चा एक अभ्यास आहे. प्रौढांच्या वर्गांमधले लोक त्यांनी सात महिने पाहिले. काही गाण्याच्या वर्गातले, काही हस्तकलेच्या, काही लेखनाच्या. शेवटी सगळ्याच वर्गांतल्या लोकांचं एकमेकांशी जमलं, पण गाणाऱ्यांचं सगळ्यात लवकर जमलं. आमच्याकडे सात महिने नव्हते, अडीच तास होते. तरी लोह्याच्या एका बँकवाल्यानं आर. डी.च्या चालीवर कंधारच्या बसस्टँडचं गाणं रचून म्हटलं, तेव्हा एकमेकांना कधी न भेटलेली माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती.

आणि काकू?

पहिल्या फेरीत 'सोडा'. दुसऱ्या फेरीत त्यांनी एक चिंचोका टाकला आणि ऑर्केस्ट्रावाल्या दादांना एक गाणं सांगितलं. दादा खूश. तिसऱ्या फेरीत पुन्हा 'सोडा'. चौथ्या फेरीला वही उघडली. मी मुद्दाम दुसरीकडे बघत बसले. परात वाजली. त्यांनी पहिली ओळ म्हटली, पेटीवाल्या काकांनी काळी पाच पकडली. दुसऱ्या कडव्याला त्या अडकल्या. वही समोर होती, पण हात थरथरत होते त्यामुळे ओळ सापडेना. शेजारच्या बाईनं ती ओळ उचलली, मग सगळ्यांनी. काकूंनी वही मिटली आणि उरलेलं न बघताच म्हटलं.

आवाज कसा होता? साधा. वरच्या सुराला थोडा चिरकला. मला आवडला.

तुमच्या ऑफिसात, सोसायटीत, फॅन क्लबात असं काही करायचं असेल तर दोन बारीक सूचना. वर्तुळ तीस-पस्तीसच्या वर नेऊ नका, नाही तर पाळी यायला दिवस मावळतो. आम्ही सत्तर जणांची दोन वर्तुळं केली, दोन वेगळ्या खोल्यांत. एकाच हॉलमध्ये कराल तर दोन्हीकडचं गाणं मिसळून भलतंच तिसरं तयार होईल! आणि तिकीट लावून जाहीर कार्यक्रम करणार असाल तर गाण्यांच्या हक्कांचं लायसन्स लागतं, ते आधी बघा. झूमवर मात्र एकत्र गायला जाऊ नका. आवाज मागे-पुढे पोचतो आणि सगळ्यांचा नुसता कल्ला होतो. कोरोनात 2020 मध्ये फिल्कवाल्यांनीही ऑनलाइन संमेलनं केली, पण एकानं गायचं आणि बाकीच्यांनी म्यूट करून घरी आपापलं म्हणायचं, अशी.

सेशन संपल्यावर आम्ही दोन्ही परातींमधले चिंचोके मोजले. वाटले होते एकशेचाळीस, परत आले एकशे अठरा. बाकीचे कुठे गेले म्हणून विचारलं, तर नववीतला एक पोरगा पुढे आला. मूठ उघडून दाखवली. "ताई, माझा एक राहिलाय. हा पुढच्या वर्षी चालंल का?"

ग्रुपवर यावर रीतसर पोल घेतला. चालेल, असं ठरलंय.